१९९४ च्या शेव्ही पिकअपमध्ये ५.३ इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स : क्लच दाबला की इंजिन बंद पडतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्याकडे १९९४ ची शेवरले सी१५०० पिकअप आहे. मूळचं इंजिन टीबीआयचं (कमी दाबाने पेट्रोल फवारणारी जुनी पद्धत), मागे ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या वर्षी ऑटोमॅटिक गेला, तेव्हाच ठरवलं की आता मॅन्युअल बसवायचा. मुलगा सोळाचा होतोय. गिअर टाकायला त्याने याच गाडीवर शिकावं अशी फार इच्छा आहे. भंगारातून २००१ च्या सिल्व्हरॅडोचं ५.३ लिटरचं एलएम७ इंजिन आणलं, हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट. पाच गिअरचा एनव्ही३५०० बॉक्स एका ४.८ लिटर इंजिनवाल्या गाडीचा मिळाला. बसवाबसवी सगळी झाली, अडलंय ते वायरिंगमध्ये.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. हार्नेस जेवणाच्या टेबलावर पसरून तीन रविवार एकेक वायर सोडवली आणि प्रत्येकीला मास्किंग टेप लावून पेनाने नाव लिहिलं : टाकीचा पंप, पंखा, मागचा दिवा. कॉम्प्युटरच्या निळ्या कनेक्टरमध्ये २० आणि ५७ नंबरच्या पिनला बॅटरीची कायमची लाइन आहे, १९ ला इग्निशनची. लाल कनेक्टरच्या ९ वरून पंपाचा रिले चालतो. टीबीआयचा जुना पंप जेमतेम १३ पीएसआय (दाबाचं एकक) देतो आणि या इंजिनाला ५८ च्या आसपास लागतात, म्हणून टाकीतला पंपही बदलला. सुरुवातीला इंजिन दोन सेकंद चालून बंद पडायचं. कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी लॉक प्रोग्रॅममधून काढून घेतल्यावर ते थांबलं.

आता अडचणी. उभ्या गाडीत इंजिन छान चालतं. पण चालत्या गाडीत सिग्नलला येताना क्लच दाबला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) धाडकन खाली येतो आणि इंजिन बंद. स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही. टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) बरोब्बर निम्मा आकडा दाखवतो.

चौथी गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑटोमॅटिकबरोबर त्याचा न्यूट्रल स्विच (गाडी गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ न देणारा) गेला, म्हणून स्टार्टरच्या लाइनवरच्या त्या दोन जाड वायरी मी तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या होत्या. परवा गाडी पहिल्या गिअरमध्ये राहिली होती, मी किल्ली फिरवली आणि गाडी हातभर पुढे उडाली. मुलगा बॉनेटसमोर उभा होता. त्याला लागलं नाही, पण माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. तो जोड मी त्याच संध्याकाळी काढला. हे सगळं नीट झाल्याशिवाय त्याला किल्ली देणार नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

पाना-पक्कड :
दादा, आधी चौथ्याचं बोलू. क्लच पेडलला स्विच लावा आणि त्या दोन वायरींच्या मध्ये तोच टाका. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला करंट जाता कामा नये. मॅन्युअल गाड्यांत कंपनीही हेच करते.

इंजिन बंद पडणं आणि स्पीडोमीटर हा एकच आजार आहे. गाडी चालतेय हे कॉम्प्युटरला कळलं तर तो आरपीएम हळूहळू उतरवतो. तुमच्या कॉम्प्युटरला गाडी उभीच वाटतेय. लाल कनेक्टरच्या २० आणि २१ पिनवर स्पीड सेन्सरच्या दोन वायरी येतात, हिरवट-काळी आणि जांभळी-पांढरी. मागची चाकं स्टँडवर उचला, दुसऱ्या गिअरमध्ये फिरवा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून आधी सेन्सरपाशी मोजा, मग पिनांवर.

सेन्सरची वायर थेट स्पीडोमीटरला जोडू नका. सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी चकतीला (रोटरला) ४० दात, ३.४२ चं डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.४२ फेरे) आणि चाक मैलाला साधारण ७०० फेरे घेतं असं धरलं तर मैलाला ९५ हजारांवर पल्स (विजेचे ठोके) होतात. तुमच्या स्पीडोमीटरला हव्यात ४०००. त्या कॉम्प्युटर करून देतो, लाल कनेक्टरच्या ५० वर. प्रोग्रॅममध्ये गिअरबॉक्स अजून ऑटोमॅटिकच असेल तर मॅन्युअल करून घ्या. टॅकोही तिथेच सुधारेल : जुन्या टॅकोला इंजिनच्या एका फेऱ्याला ४ पल्स लागतात, हा कॉम्प्युटर २ देतो.

आणि ऑटोमॅटिकच्या उरलेल्या वायरींतली गुलाबी जिवंत असते. तिचं टोक उघडं सोडू नका.

धागाकर्ता :
भाऊ, मनापासून आभार. आज सकाळी मोजलं. सेन्सरपाशी दोन व्होल्टच्या वर, चाक जोरात फिरवलं की आणखी चढतात. पिनांवर शून्य! मग टेप सोलत मागे गेलो. गिअरबॉक्सच्या शेपटापाशी जांभळी-पांढरी वायर वरून एकदम ठणठणीत, बोटाने वाकवली तर आतून कुरकुरली. इन्सुलेशन चिरलं तर आत तांबं नव्हतंच, हिरवी पूड होती. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, ते जुन्या कनेक्टरमधून आत शिरलं असणार. वीतभर वायर कापून नवीन जोडली, सोल्डर करून वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. ५० ची वायर स्पीडोमीटरला नेली. प्रोग्रॅममध्ये मॅन्युअल आणि टॅको दोन्ही बदलून घेतले. स्टार्टरसाठी ते दोन जाड टोक मी हाताने टेकवले, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाकांना ओंडके लावून. गल्लीत चार चकरा मारल्या. क्लच दाबल्यावर काटा हळूहळू ८०० पर्यंत उतरतो आणि तिथे थांबतो. स्पीडोमीटर फोनच्या जीपीएसशी जुळतोय.

आता क्लचचा स्विच तेवढा राहिला. भंगारातून आणलेल्या पेडलवर तो नव्हता आणि त्याचा कंसही गंजून तुटलाय. १९८८ ते ९४ च्या मॅन्युअल शेव्ही किंवा जीएमसी पिकअपचं पेडल स्विचसकट कुणाकडे पडून असेल तर कळवा. टोलिडोपर्यंत शनिवारी स्वतः येऊन घेऊन जाईन.