गाडीत बसलं की रेंज गायब, बूस्टर घ्यावा का?

गाडीवाला_१३
नमस्कार मंडळी. मी सोलापुरातून टुरिस्ट गाडी चालवतो, अक्कलकोट तुळजापूर पंढरपूर गाणगापूर अशी देवदर्शनाची भाडी जास्त. प्रॉब्लेम असाय की गाडीबाहेर उभारलो तर दोन-तीन काड्या दिसतात आणि आत बसून दार लावलं की एक, कधी तीपण नाही. शहरात सात रस्ता, नवी पेठ इकडं काही वाटत नाही पण मंगळवेढा रोडला कामती सोडली की बेगमपूर येईपर्यंत फोन कट होऊलालाय सारखा. परवा एका पार्टीला फोनवर पुलापाशी थांबा म्हणलो तेवढ्यात कट, ते पलीकडं थांबले मी अलीकडं, अर्धा तास गेला आणि वर त्यांच्या आजीच्या शिव्या. माझा साडू टेक्सासला असतो तो म्हणतो गाडीत सिग्नल बूस्टर बसव, तिकडं सर्रास लावतात. ऑनलाइन बघितलं तर इथंपण तीन-चार हजारात दिसूलालाय. घेऊ का? कुणी लावलाय का?

कडक_भाकरी
साडूचं ऐकून कुणाचं भलं झालंय ओ आजवर 😄

तारवाला
घेऊ नका. पैसे जातील ते जातील, वर लफडं. आपल्याकडं परवानगी नसताना मोबाईल बूस्टर किंवा रिपीटर विकणं, जवळ ठेवणं, लावणं सगळंच बेकायदेशीर आहे, ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं नाही. साडू खोटं बोलत नाहीये, अमेरिकेत गाडीत लावायला परवानगी आहे पण तिथंही मान्यता असलेलाच मॉडेल घ्यायचा आणि आपल्या नेटवर्क कंपनीकडं नोंद करायची असा नियम आहे.

बंदी का तर ऐका. बूस्टर फक्त टॉवरचा आवाज तुम्हाला मोठा करून देत नाही, तुमच्याकडून टॉवरकडं जाणारंपण मोठं करतो, त्यात कचरापण आला. आणि गाडीत टपावरचा अँटेना आणि आतला अँटेना यात अंतर किती, हातभर. मांडवात माईक स्पीकरसमोर नेला की कुंईंईं करतो ना, स्वस्तातला बूस्टर तसाच स्वतःचंच ऐकून बोंबलत बसतो, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. त्या टॉवरवर जेवढी गावं असतील त्यांचे फोन बिघडतात.

ते मोबाईलच्या मागं चिकटवायचं सोनेरी स्टिकर पण घेऊ नका, त्यानं काही होत नाही. खरंच गरज असेल तर सिम टाकायचा फोर-जी राउटर मिळतो बारा व्होल्टवर चालणारा, ट्रॅव्हल्स बसमध्ये असतो तसला. त्याचा चुंबकाचा अँटेना टपावर ठेवायचा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून कॉल लावायची सोय, चालू करायचं. हा बूस्टर नाही, साधं सिमवरचं यंत्र आहे. पण आधी खर्च करू नका, गाडीचंच काहीतरी असणार.

मोबाईल_दुरुस्ती
एक विचारतो, काचांना फिल्म मारलीय का? आणि फोन कुठं ठेवता?

गाडीवाला_१३
फिल्म मारलीय की, एप्रिलमध्ये, चकचकीतवाली. सोलापूरचं ऊन माहितीय ना, मागं बसलेली माणसं भाजून निघतात. फोन गिअरच्या मागच्या खणात.

मोबाईल_दुरुस्ती
सापडलं मग. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, पत्र्यातून सिग्नल येत नाही, येतो तो काचेतून. चकचकीत फिल्ममध्ये धातूचा पातळ थर असतो, तो उन्हासारखंच सिग्नलपण परत पाठवतो. तुम्ही दारं बंद केली वर खिडक्यापण बंद केल्या. आणि फोन खाली खणात, चारी बाजूनं सीट, पत्रा आणि माणसं.

काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा फोन काड्या आपल्या मनानं दाखवतो. सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते (फोनप्रमाणे नाव थोडं इकडं तिकडं). आकडा मायनसमध्ये असतो. फोर-जीला मायनस ९० च्या आसपास म्हणजे झकास, मायनस ११० च्या खाली गेला की रडारड. जिथं कट होतो तिथंच गाडी लावा, बाहेर उभारून आकडा बघा, मग आत बसून काचा लावून बघा. एक-दोन मिनिटं थांबून बघा, लगेच बदलत नाही.

गाडीवाला_१३
आज सांगोल्याचं भाडं होतं, जाताना कामतीच्या पुढं बघितलं. बाहेर मायनस ९७. आत खणात काचा लावून मायनस १११. काचेपाशी वर धरला तर १०५.

तारवाला
१४ चा फरक छोटा वाटतो पण हा हिशोब दहाच्या पटीत चालतो, १० कमी म्हणजे सिग्नल दहा पट कमी. १४ म्हणजे साधारण पंचवीसवा हिस्सा उरला. निम्मं दुखणं तर नुसतं फोन वर ठेवून जातंय बघा.

हिपरगा_तळं
सिमचं पण बघा. शहरात फाइव्ह-जी भारी चालतं पण त्यातल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जात नाहीत आणि काच-भिंतीत अडकतात. ७००, ८५०, ९०० वाल्या लांबवर जातात. म्हणून मी गावाबाहेर पडलो की फोन फोर-जीवर टाकतो, बॅटरीपण वाचते, नाहीतर रेंज शोधून शोधून फोन तापतो. दुसऱ्या स्लॉटमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, कुणाचा टॉवर कुठं आहे ते गाव बदललं की बदलतं. पोर्ट करायची घाई नको, आधी एक महिना दुसऱ्या सिमवर तीच वाट फिरून बघा. आणि मॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, जीपीएसला नेट लागत नाही. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर ११२ लागतो, हेपण लक्षात असू द्या.

जुळे_सोलापूरकर
फोन वर लावा पण डॅशबोर्डवर सरळ उन्हात नको ओ. मे महिन्यात माझा तापून स्क्रीन काळी पडली तुळजापूरच्या घाटात, मॅप बंद, मागं बायको. एसीच्या जाळीला लावायचा होल्डर घ्या, काचेपाशी पण राहतो आणि गारपण.

गाडीवाला_१३
होल्डर लावला, दीडशे रुपयात काम. कालपासून कामती-बेगमपूरमध्ये एकदाच कट झाला. बूस्टर कॅन्सल, साडूला कळवलं, तो म्हणतो तुमच्याकडं सगळंच बेकायदेशीर. आता रविवारी फिल्म काढणार, बिनधातूची मिळते म्हणे सिरॅमिक, पण महाग सांगूलालेत. तशीच उघडी ठेवू का?

मोबाईल_दुरुस्ती
सिरॅमिकनं सिग्नल अडत नाही, पण २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातलेली, त्यामुळं चौकात अडवलं तर वाद तुम्हालाच घालावा लागणार, विचार करून लावा. मी म्हणतो बाजूच्या काचांना जाळीचे पडदे लावा, दुपारी ओढा. आणि मागची काच घरी खरवडू नका, त्यावर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायच्या, बारीक तारा असतात, ब्लेड लागलं की तुटल्या. वाफ देऊन हळूच सोडवायची, जमत नसेल तर फिल्मवाल्याकडंच जा.