बारावीनंतर संख्याशास्त्र घ्यावं का? पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ वहिनी: नमस्कार मंडळी. लेकीचा बारावीचा निकाल लागला. पीसीएम आहे, सीईटीही दिलीय. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची तयारी चालू होती आणि आता म्हणते बी.एस्सी. संख्याशास्त्र करायचंय. गणितात मार्क चांगले आहेत. पण या विषयाचं पुढे काय होतं, नाशिकमध्ये राहून करावं की पुण्याला पाठवावं, आम्हाला काहीच अंदाज नाही. या क्षेत्रातली माणसं आपल्याच ग्रुपवर आहेत म्हणून इथे विचारते.

बी-१०४ सर: वहिनी, संख्याशास्त्र म्हणाली की डेटा सायन्स म्हणाली?

ए-३०२ वहिनी: संख्याशास्त्रच. डेटा सायन्सचं नंतर बघू म्हणते.

बी-१०४ सर: मग एक गोष्ट आधी तपासा. शाळेत जे मध्य, मध्यक, बहुलक आणि आलेख शिकवतात ते कॉलेजात पहिल्या काही आठवड्यांत संपतं. त्यानंतरचा विषय इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स यांच्यावर उभा आहे. पहिल्या वर्षी वर्णनात्मक संख्याशास्त्र आणि संभाव्यता: बायनॉमियल, पॉयसाँ, जिऑमेट्रिक. इथपर्यंत बेरजा आणि मालिका पुरतात. दुसऱ्या वर्षी सलग चलांची वितरणं येतात: नॉर्मल, एक्स्पोनेन्शियल, गॅमा, बीटा. प्रत्येक ठिकाणी इंटिग्रल सोडवावा लागतो, दोन चलं एकत्र आली की डबल इंटिग्रल, एका चलाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं तर जेकोबियन. तिसऱ्या वर्षी अनुमानशास्त्र म्हणजे एस्टिमेशन आणि टेस्टिंग, नमुना निवड, प्रयोगांची आखणी, रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणं. रिग्रेशन नीट कळायला मॅट्रिक्स लागतातच.

मुलं अडकतात ती दुसऱ्या वर्षी. बारावीत सीईटीसाठी इंटिग्रेशन पर्यायांवरून उलटं सोडवायची सवय लागलेली असते. इथे पर्याय नसतात, आणि शून्य ते अनंत अशा मर्यादा आल्या की हात थांबतो. मग मुलं सिद्धता पाठ करतात, आणि परीक्षेत चलाचं नाव बदललं तरी गाडी रुळावरून उतरते.

ए-३०२ वहिनी: तिला ते आवडेल की नाही हे आत्ता कसं ओळखायचं?

बी-१०४ सर: एका रविवारचं काम देतो, तिला एकटीला करू द्या.

बारावीच्या गणित भाग २ मधले शेवटचे दोन धडे, संभाव्यता वितरण आणि बायनॉमियल, पुन्हा काढायला सांगा. मार्कांच्या हिशेबात हे दोन्ही धडे बरेचजण घाईत उरकतात. मग हे गणित द्या: शून्य ते एक या अंतरात घनता फलन के गुणिले एक्स गुणिले (१ − एक्स) वर्ग असं आहे. के काढ, मग मध्य काढ. उत्तरं १२ आणि ०.४ येतात. उत्तर येणं ही अर्धी गोष्ट झाली. मध्य ०.५ च्या डावीकडे का आला, हे तिने आलेख काढून सांगितलं पाहिजे.

दुसरं: एक आजार १०० पैकी एकाला आहे. चाचणी आजारी माणसाला ९५ टक्के वेळा बरोबर पकडते, निरोगी माणसाला ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर खरंच आजार असण्याची शक्यता किती? बहुतेकजण ९५ टक्के म्हणतात. १०,००० माणसं घ्या. १०० आजारी, त्यातले ९५ पॉझिटिव्ह. ९,९०० निरोगी, त्यातलेही ४९५ पॉझिटिव्ह. ५९० पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी ९५, म्हणजे साधारण १६ टक्के. उत्तर बघून ती "आजार दहांत एकाला असता तर?" असं स्वतःहून विचारू लागली, तर विषय तिचा आहे. "फॉर्म्युला कोणता?" एवढंच विचारून थांबली तर इंजिनिअरिंगची यादी भरत राहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

सी-६०३ ताई: सर, तिसरं मी सुचवते, आकड्यांना हात लावणारं. लासलगावच्या कांद्याचे एका महिन्याचे रोजचे आकडे घ्यायला सांगा: आवक, किमान, कमाल आणि सरासरी दर. महिन्याचा सरासरी दर काढायचा. बहुतेक मुलं रोजच्या सरासरींची बेरीज करून दिवसांनी भागतात. समजा एका दिवशी २०,००० क्विंटल १,२०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी ५,००० क्विंटल १,८०० रुपयांनी. साधी सरासरी १,५०० येते, आवकेचा भार दिला तर १,३२०. शेतकऱ्यांच्या हातात क्विंटलमागे १,३२० पडले. लिलाव बंद असलेल्या दिवसांचं काय करायचं, हेही तिनेच ठरवायचं. नोकरीत रोजचं निम्मं काम असल्याच निर्णयांचं असतं.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, उद्या सकाळी ११ ते १ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या, उपयोगी आहे.

ए-३०२ वहिनी: आणि नोकरी? घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच आहे.

ए-७०२ दादा: वहिनी, नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारं काम बहुतेक एक्सेल, एसक्यूएल आणि रिपोर्ट बनवण्याचं असतं. मॉडेल बनवण्याचं काम एम.एस्सी.नंतर हातात येतं. म्हणून हिशेब पाच वर्षांचा धरा. तीन वर्षांनी कमाई हवीच असेल तर हा रस्ता घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

बी-१०४ सर: सहमत. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स केली तर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते, तीन वर्षांवर थांबली तर दोन वर्षं. एकूण पाचच.

बी-५०१ काका: कारखान्याची बाजू मी सांगतो, कारण अंबड-सातपूरला या विषयाची गरज आहे आणि मुलांना ती माहीतच नसते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्याला गिऱ्हाईक प्रोसेस कपॅबिलिटी मागतं, म्हणजे नग ड्रॉइंगवरच्या मर्यादेत किती सहज बसतात याचा आकडा, त्यालाच सीपीके म्हणतात, साधारण १.३३ किंवा त्याहून जास्त. त्यासाठी कंट्रोल चार्ट लागतात. दर तासाला सलग पाच नग मोजायचे, त्यांचा मध्य आणि रेंज (सर्वांत मोठं माप वजा सर्वांत लहान) मांडायची, असे २०-२५ गट झाले की मर्यादा काढायच्या. पाचच्या गटाला गुणांक ०.५७७, त्याने सरासरी रेंजला गुणायचं. सरासरी रेंज ०.०१२ मिमी असेल तर मध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.००७ मिमी.

आता चुकतं कुठे? एक तर ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच (मापात चालणारी कमी-जास्त) चार्टवर मर्यादा म्हणून आखतात. टॉलरन्स एकेका नगाचा असतो आणि चार्टवर पाचांचा मध्य असतो, त्यामुळे मशिन बिघडलं तरी बिंदू आतच राहतात. दुसरी चूक कळायला अवघड. दोन स्पिंडलचे (मशिनच्या फिरत्या दांड्यांचे) नग एकाच गटात मिसळतात. दोन्हींत फरक असला की रेंज फुगते, मर्यादा रुंद होतात, सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून बसतात आणि साहेब खूश होतात, चार्ट किती छान! एवढा छान चार्ट दिसला की आधी गट कसा केला ते विचारायचं. हे ज्याला कळतं तो माणूस शॉपला हवा असतो. सॉफ्टवेअरचं बटण कुणीही दाबतं.

सी-६०३ ताई: काकांनी सांगितलं तसंच औषधांच्या चाचण्यांत. नाशिकला ही कामं कमी, पुणे-मुंबईला भरपूर, आणि बरीचशी घरून होतात. नमुन्याचा आकार ठरवणं हे पहिलं काम. ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरली, आणि दोन गटांत अर्ध्या स्टँडर्ड डिव्हिएशनइतका (आकड्यांच्या पसरटपणाचं माप) फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण ६४ रुग्ण लागतात. पाव स्टँडर्ड डिव्हिएशन पकडायचं तर साधारण २५३. फरक निम्मा झाला की रुग्ण जवळजवळ चौपट, आणि खर्चही. १० टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असं धरलं तर ६४ ला ०.९ ने भागायचं, ७२ येतात. नवखे १.१ ने गुणून ७१ लिहितात, एक रुग्ण कमी पडतो. विश्लेषण कसं करायचं ते आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवावं लागतं. आकडे पाहून चाचणी निवडली तर निकालाला अर्थच उरत नाही. सॅस नावाचं सॉफ्टवेअर इथे अजून चालतं, बाकी बहुतेक ठिकाणी आर आणि पायथन.

ए-७०२ दादा: बँकेत कर्ज कोण बुडवेल याचा अंदाज, लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही अशा उत्तराची शक्यता काढणारं). तिथली मुख्य अडचण अशी की ज्यांना कर्ज दिलं त्यांचीच माहिती असते, ज्यांना नाकारलं त्यांचं पुढे काय झालं असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. हे विसरून बनवलेलं मॉडेल कागदावर उत्तम आणि शाखेत फसवं.

डी-२०१ काकू: सरकारी नोकरीचं काय हो? मुलीच्या दृष्टीने तेही बघावं.

बी-१०४ सर: काकू, इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, यूपीएससी घेते. वय २१ ते ३०. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, म्हणून नुसत्या इंजिनिअरला ती देता येत नाही. इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, संख्याशास्त्राचे चार पेपर प्रत्येकी २००, मुलाखत २००, एकूण १,२००. चारपैकी पहिले दोन वस्तुनिष्ठ, पुढचे दोन लेखी. बी.एस्सी.त नमुना निवड आणि अनुमानशास्त्र मनापासून केलं असेल तर पाया तयार असतो. जागा मात्र थोड्या, त्यामुळे एकट्या त्यावर भिस्त नको.

ए-३०२ वहिनी: आणि कोलकात्याची संस्था? तिच्या तोंडी सारखं ते नाव असतं.

बी-१०४ सर: इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. महालनोबिसांनी १९३१ मध्ये स्थापन केली. तिथल्या बी.स्टॅट. या पदवीला देशात तोड नाही, पण फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि प्रवेश परीक्षा मे महिन्यात होते, म्हणजे बारावीच्या निकालानंतर त्या वर्षाची वेळ गेलेली असते. वर्ष थांबवून तयारी करावी असं मी सुचवणार नाही. त्या परीक्षेत सविस्तर सोडवायचा पेपर असतो आणि तो ऑलिम्पियाडच्या वळणाचा असतो. बी.एस्सी.नंतर एम.स्टॅट.चा रस्ता उघडा आहेच. आयआयटी मुंबई आणि कानपूरच्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपर: ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा लागतो, इथे दरवर्षी मुलं चुकतात.

आणि पुणे विद्यापीठाला कमी लेखू नका. तिथला विभाग कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजारांनी उभा केला. अन्नधान्याच्या पाहण्यांचं शास्त्र जगभर पोचवणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातले. या विषयाची परंपरा आपल्याच मातीत आहे, मुलांना ती सांगितली पाहिजे.

ए-३०२ वहिनी: मग बी.एस्सी. नाशिकला की पुण्याला?

बी-१०४ सर: अभ्यासक्रम विद्यापीठाचा, नाशिकच्या संलग्न कॉलेजांत आणि पुण्याच्या संलग्न कॉलेजांत आराखडा एकच. पुण्यातली स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम ठरवतात, त्यांचा वेगळा पाहावा. माझं मत, पदवी नाशिकला, एम.एस्सी. बाहेर. पण प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षापर्यंत संख्याशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून चालतं का, की पुरेशी मुलं नसली की पहिल्या वर्षानंतर बंद होतं? जोडीला गणित घेता येतं का? विषयांच्या जोड्या कॉलेजनिहाय ठरलेल्या असतात, आणि गणित सुटलं तर दुसऱ्या वर्षी ती उघडी पडेल. प्रॅक्टिकल कशावर होतात, फक्त कॅल्क्युलेटरवर की आर वर? शक्य झालं तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी तिला एकटीला बोलू द्या.

ए-७०२ दादा: कुणी बी.एस्सी. डेटा सायन्स किंवा एआयचा कोर्स सुचवला तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. संभाव्यता, अनुमानशास्त्र, लिनिअर अल्जिब्रा यांची क्रेडिट्स मोजा. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट्स असतात, थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. या तिन्हींची मिळून २० सुद्धा भरत नसतील आणि उरलेली जागा टूल्सच्या नावांनी भरली असेल, तर सोडून द्या. टूल्स दर काही वर्षांनी बदलतात, ती सहा महिन्यांत शिकता येतात.

बी-५०१ काका: आणि कॅपची नोंदणी रद्द करू नका लगेच. बी.एस्सी.चे प्रवेश कॉलेज बारावीच्या मार्कांवर करतं, यादी वेगळी लागते. दोन्हीकडे पाय ठेवा, फक्त प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळते ते आधी लेखी घ्या.

ए-३०२ वहिनी: सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी तिन्ही गणितं देते, सोमवारी कॉलेजला जाऊन येतो. शेवटचा प्रश्न, लॅपटॉप आत्ताच घ्यावा लागेल का?

सी-६०३ ताई: पहिल्या वर्षी घाई नाही. घेतलाच तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा पुरतो, ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नका. आर आणि पायथन दोन्ही फुकट आहेत. त्याआधी एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या आणि त्याचा स्टॅट मोड शिकवा. नमुन्याचं स्टँडर्ड डिव्हिएशन काढताना एन ने भागणारं बटण आणि एन वजा १ ने भागणारं बटण वेगळं असतं, पहिल्या प्रॅक्टिकलला अर्धा वर्ग तिथेच चुकतो. कांद्याचे आकडे भरायला मदत लागली तर रविवारी दुपारी वर पाठवा तिला, मी घरीच आहे.