मदत हवी आहे: १६ इंची आरसा रात्रीच्या हवेइतका थंड कसा करावा?

नमस्कार. पुण्यातील आमच्या आकाशनिरीक्षण गटाकडे १६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरसा वापरणारी) दुर्बीण असून तिचा आरसा ५० मिलिमीटर जाडीच्या बोरोसिलिकेट काचेचा आहे. दिवसा ती कोथरूडला गच्चीवरच्या खोलीत असते आणि हिवाळ्यात संध्याकाळी आम्ही ती वेल्ह्याकडे नेतो. मध्यरात्र उलटेपर्यंत गुरूचे पट्टे धूसरच दिसतात. तारा फोकसबाहेर नेला की त्याच्या चकतीवरून संथपणे सरकणारे उष्ण हवेचे लोट दिसतात, त्यामुळे माझा संशय वातावरणापेक्षा आरशावर अधिक आहे.

गटातील काहींच्या मते जवळजवळ शून्य प्रसरणाच्या झीरोड्यूरचा आरसा घ्यावा. मला हे पटत नाही. तापमान बदलले तरी त्या काचेचा आकार टिकतो हे खरे. परंतु ती गरम राहिली, तर तिच्या पुढ्यातील हवाही तापणारच. चिलीतील व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या वेधशाळेचे ८.२ मीटरचे आरसे झीरोड्यूरचेच आहेत, तरीही तेथे दिवसा घुमट वातानुकूलित ठेवून रात्रीच्या अपेक्षित तापमानाला आणला जातो. ॲरिझोनातील लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपचे ८.४ मीटरचे आरसे मात्र बोरोसिलिकेटचेच, पण आतून कप्प्याकप्प्यांचे आहेत आणि त्या कप्प्यांत हवा खेळवली जाते.

माझ्या ढोबळ हिशेबाने ५० मिलिमीटर काचेतून उष्णता पृष्ठभागापर्यंत यायला काही मिनिटे पुरतात. खरी अडचण पुढची आहे, कारण संथ हवेत दोन्ही पृष्ठभागांवरून ती निघून जाण्याचा कालांक (हवेशी असलेला तापमानातील फरक सुमारे एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) सुमारे अडीच तास येतो. हवा तासाला दोन अंशांनी उतरत राहिली, तर आरसा तिच्यापेक्षा जवळपास पाच अंशांनी गरमच राहणार. म्हणून पंखा हवा, एवढे उघड आहे. (पेल्टियरची, म्हणजे विजेवर एक बाजू थंड करणाऱ्या चकतीची, कल्पना मी बाजूला ठेवली आहे, कारण फक्त मागची बाजू थंड केल्यास पुढच्या-मागच्या तापमानातील फरकाने या काचेचा आकार बिघडेल.)

पंखा मागून हवा फुंकणारा असावा, की कडेला बसवून आरशाच्या पुढ्यातील उष्ण थर झाडून काढणारा? दुसऱ्या मांडणीत पंख्याची थरथर कशी टाळता? तसेच दुपारीच आरसा थर्माकोलच्या पेटीत वातानुकूलित हवेने थंड करायचा झाल्यास तापमान किती धरावे, जेणेकरून वेल्ह्याला पेटी उघडताच तो दवबिंदूखाली जाऊन त्यावर दव धरणार नाही? ज्यांनी आरशाला तापमापक लावून अशा नोंदी घेतल्या असतील, त्यांनी पंख्याचा आकार आणि आरशाची जाडी यांसह त्या येथे द्याव्यात, ही विनंती.