तलाव वाचवायचाय? सह्या नंतर, आधी पाणी मोजा

उलटीधार

सार्वजनिक तरण तलाव बंद पडतो तो एका ठरलेल्या चालीने. आधी 'देखभालीसाठी तात्पुरता बंद' असा फलक लागतो. मग पाणी सोडून देतात. वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि शेवटी 'दुरुस्ती परवडणारी नाही' असा अहवाल येतो. लोक जागे होतात ते इथे, आणि सह्यांचा गठ्ठा घेऊन निघतात. माझं स्पष्ट मत: गठ्ठ्याची पोच मिळते, तलाव मिळत नाही. अहवालात नसलेला एखादा आकडा तुमच्याकडे असेल, तरच समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

फलक लागला की लगेच लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागा. बंद करण्याचा ठराव व त्यामागचा अहवाल, गेल्या २४ महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची रोजची नोंदवही. नोंदवहीत मुक्त क्लोरीन, पीएच, फिल्टरच्या आधीचा व नंतरचा दाब आणि बॅकवॉशच्या, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्याच्या, तारखा असायला हव्यात. महिनाभर रोज 'पीएच ७.४' असंच लिहिलेलं दिसलं तर समजा, वही खोलीत बसून भरली आहे.

आणि काही झालं तरी हौद रिकामा होऊ देऊ नका. भूजल वर असेल तर रिकाम्या हौदाला खालून दाब बसतो, तळ उचलला जातो, भेगा पडतात. टाइल्स उन्हात सुटतात, सांध्यांतलं सीलंट वाळतं. भरलेल्या तलावाची दुरुस्ती आणि वर्षभर रिकाम्या ठेवलेल्या तलावाची दुरुस्ती यांच्या अंदाजपत्रकांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बंदच्या काळातही रोज काही तास पंप चालवून क्लोरीन टिकवायचं, एवढंच. नाहीतर डासांचं कारण आयतं मिळतं.

गळती तपासायला बादली पुरते. तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवायची, आत व बाहेर पातळीची खूण करायची, २४ तासांनी दोन्ही मोजायच्या. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन. तलावातली त्याहून जास्त असेल तेवढी गळती. २५ बाय १२.५ मीटरच्या तलावात १ सेंमी म्हणजे ३,१२५ लिटर. हा आकडा अर्जात घाला.

जमाखर्च

बादली ठेवा हो, पण गळती सापडली म्हणून तलाव वाचला असं होत नाही. ती बहुधा फरशीखाली पुरलेल्या पाइपात असते, आणि फरशी फोडल्यावर गंजलेल्या सळया दिसतात. क्लोरीनच्या पाण्यात क्लोराइड वाढत जातं, ते काँक्रीटमध्ये झिरपून सळईपर्यंत पोहोचलं की वरून गिलावा करणं म्हणजे जखमेवर पावडर.

शिवाय खर्च पाण्याचा नाही, माणसांचा आणि विजेचा. दहा जण पोहोत की शंभर, जीवरक्षक हवेतच आणि पाणीही फिरायलाच हवं. तोच पैसा १२ बाय ६ मीटर, ०.९ मीटर खोल अशा शिकाऊ तलावात घाला. पाणी ६५ घनमीटर, म्हणजे मोठ्या तलावातल्या सुमारे ४७० घनमीटरचा सातवा हिस्सा. मुलं पोहायला शिकणं महत्त्वाचं की पन्नाशीतल्यांच्या सकाळच्या फेऱ्या?

आंदोलनाचं म्हणाल तर ग्लासगोचं गोवनहिल बाथ्स बघा. २००१ मध्ये बंद झालं, लोक आत ठिय्या देऊन बसले, इमारत वाचली. मुख्य तलावात मात्र वीस वर्षांनीही कुणी पोहत नव्हतं.

पाचवी_लेन

जमाखर्च, ०.९ मीटरमध्ये मूल हातपाय मारायला शिकतं, खोल पाण्यात तरंगत थांबायला नाही. पाय टेकत नाहीत तिथे घाबरायचं नाही, हे शिकवायला पाय न टेकणारं पाणीच लागतं. शिकाऊ तलाव हवाच, पण मोठ्याच्या जोडीला.

दुसरं उदाहरणही घ्या. न्यूकॅसलमधला जेस्मंडचा तलाव १९९१ मध्ये बंद झाला आणि १९९२ मध्ये स्थानिक रहिवाशांच्या संस्थेनेच तो पुन्हा उघडला.

आणि 'दहा असोत की शंभर' हे तर तलाव चालू ठेवण्याच्याच बाजूचं वाक्य झालं. माणशी ३ चौरस मीटर धरले तरी २५ बाय १२.५ मीटरच्या तलावात एका वेळी शंभरेक जण मावतात. दुपारी पंप रिकाम्या पाण्याला फिरवत असतो. तेव्हा शाळा, ज्येष्ठांचा पाण्यातला व्यायाम, फक्त महिलांची वेळ ठेवा. मोहिमेत 'मी पाठिंबा देतो' अशी सही नको; 'मंगळवार-गुरुवार दुपारी ३, सहा महिन्यांची फी आगाऊ भरायला तयार' असं लिहून घ्या. अशी ऐंशी नावं पाच हजार सह्यांना भारी पडतात.

वाळूचा_फिल्टर

उलटीधार, बादलीचं अर्धवट सांगितलंत. काठावरून पाणी गटारात सांडणारा तलाव असेल तर वरची पातळी हलतच नाही, घट बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे ते सांडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीत, होते. तिथे मोजा, आणि त्याआधी नवीन पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर फ्लोट गुपचूप भरत राहील आणि तुम्ही 'गळती शून्य' असं छापून मोकळे.

विजेवर मात्र बरंच करता येतं. ४७० घनमीटर पाणी ४ तासांत एकदा फिरवायला ताशी साधारण ११७ घनमीटर लागतं. रात्री तलावात कुणी नसताना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावून पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. बॅकवॉशला पूर्ण वेग द्यायचा, तिथे काटकसर केली तर वाळूत गाठी धरतात.

एक धोक्याची गोष्ट: पाणी फिरवणारा पंप थांबला की क्लोरीन आणि आम्ल मोजून सोडणारे डोसिंग पंप आपोआप थांबलेच पाहिजेत. तो इंटरलॉक कुणी 'त्रास देतो' म्हणून काढून ठेवला असेल तर दोन्ही रसायनं स्थिर पाइपात एकत्र येतात आणि पंप सुरू होताच तलावात क्लोरीन वायू फेकला जातो.

जमाखर्च

हा इंटरलॉक रोज तपासणार कोण? पगारी ऑपरेटर की उत्साही समिती? संस्थेने तलाव चालवायला घेतला की जबाबदारीही तिच्या गळ्यात येते. हौद, पुरलेले पाइप आणि छप्पर मालकाकडे, रोजचं चालवणं संस्थेकडे, अशी वाटणी करारात नसेल तर प्रशासनाने तलाव दिला नाही, बोजा दिला. आणि हौदाचा स्ट्रक्चरल अहवाल हातात आल्याशिवाय सही करू नये.

उलटीधार

वाटणीचं मान्य. शिकाऊ तलावाचं नाही.

बॅलन्सिंग टँकबद्दल चूक दाखवलीत तेही मान्य, चूक माझीच.

काठावरची

बादली ठेवताना पंप चालू हवा की बंद?

वाळूचा_फिल्टर

दोन्ही, २४-२४ तास वेगळे. चालू असताना घट जास्त असेल तर बहुधा पंपाकडून तलावाकडे येणारी, दाबाची लाइन फुटली आहे. दोन्ही वेळा सारखीच असेल तर आधी हौद, सांधे आणि दिव्यांच्या खोबणी बघा. तळातल्या मेन ड्रेनच्या जाळीपाशी पंप बंद करून थोडा रंग सोडा, भेग असेल तर तो तिकडे ओढला जाताना दिसतो. आणि पावसाच्या दिवशी मोजू नका.