मदत हवी आहे: अल्गोरिदम निवडायला मेटा-लर्निंग, पण मेटा-फीचर्स कोणते?

मंडळी, नवा डेटासेट आला की रँडम फॉरेस्ट, एसव्हीएम, बूस्टिंग असं सगळं ट्यून करत बसण्यात वेळ फार जातो. म्हणून ओपनएमएल या खुल्या डेटासेट-संग्रहाच्या सीसी१८ संचातले ७२ डेटासेट घेऊन मेटा-मॉडेल (कुठल्या डेटासेटवर कुठला अल्गोरिदम चालेल हे शिकणारं मॉडेल) बांधतोय: नव्या डेटासेटचे शेजारी, म्हणजे त्याच्यासारखे जुने डेटासेट, शोधायचे आणि तिथे जे चाललं ते आधी चालवायचं. मॉडेल आपोआप निवडणाऱ्या ऑटो-एसकेलर्नच्या (२०१५) शोधाची सुरुवातही साधारण अशीच होते.

अडचण अशी की मेटा-मॉडेलसाठी एक डेटासेट म्हणजे एकच ओळ. ७२ ओळींवर चाळीसेक मेटा-फीचर्स (डेटासेटचं वर्णन करणारे आकडे, उदा. त्यातल्या ओळींची संख्या) लादले की शेजारी भलतेच निघतात. डेटासेटमधल्या ओळींची संख्या लॉगमध्ये न घेतल्यास तीच सगळं अंतर खाऊन टाकते. लँडमार्कर, म्हणजे एकपातळी डिसिजन ट्री किंवा नाइव्ह बेज चालवून मिळालेली अचूकता, मला जास्त बोलके वाटतात. पण मोठ्या डेटावर त्यांचाच खर्च वाढतो. डेटाचा नमुना घेऊन चालवले तर अल्गोरिदमचा क्रम टिकतो का?

दुसरं, अल्गोरिदमच्या सगळ्या डेटासेटवरच्या सरासरी क्रमवारीला हे मॉडेल जेमतेम हरवतं. वेळ आणि अचूकता एकत्र धरून क्रमवारी लावावी का? वेळेला वजन किती द्यायचं, हे कुणी प्रत्यक्ष ठरवलंय का? कोड असेल तर उत्तमच.