जुन्या बिलिंग प्रणालीचे रिफॅक्टरिंग: मॉड्यूलमधले चक्र आधी कुठे तोडावे?

नमस्कार,

आमच्या पाच जणांच्या टीमकडे जावामध्ये लिहिलेली, बारा वर्षे वापरात असलेली बिलिंग प्रणाली आहे. बिल, साठा आणि ग्राहक ही तिची तीन मॉड्यूल, म्हणजे कोडचे वेगवेगळे भाग, एकमेकांना थेट कॉल करतात (शीर्षकातले चक्र ते हेच), त्यामुळे सवलतीचा एक नियम बदलला तरी तिन्ही पुन्हा तपासावी लागतात. सगळे नव्याने लिहून काढावे असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही; त्यापेक्षा रिफॅक्टरिंग, म्हणजे वर्तन तेच ठेवून कोडची आतली रचना टप्प्याटप्प्याने सुधारणे, मला बरे वाटते. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने जुना कोड बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली, तेव्हा १९९७ मधल्या चौथ्या आवृत्तीनंतरची सहावी आवृत्ती यायला २००० साल उजाडले. इतका काळ आमचे काम थांबवता येणार नाही.

बिलाची रक्कम काढणाऱ्या सुमारे अठराशे ओळींच्या फंक्शनला हात लावण्याआधी आम्ही त्याचे आजचे वर्तन टिपणाऱ्या टेस्ट लिहिल्या. त्यासाठी जुनी बिले घेतली, त्यांतली ग्राहकांची ओळख पुसली आणि जुन्या कोडचे उत्तर हेच प्रमाण मानले. पहिल्याच आठवड्यात त्याचा उपयोग झाला. जुना कोड प्रत्येक ओळीची रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत आणून मग बेरीज करतो, तर मी लिहिलेल्या सुटसुटीत कोडमध्ये आधी बेरीज होत होती. १०.००४ च्या तीन ओळी असतील तर जुन्या पद्धतीने ३०.०० येतात आणि माझ्या पद्धतीने ३०.०१. टेस्ट नसत्या तर छापील बिलांशी न जुळणारा हा कोड तसाच पुढे गेला असता.

खरी अडचण डेटाबेसमध्ये आहे. इंटरफेस (एका मॉड्यूलने दुसऱ्याशी कसे बोलायचे ते ठरवणारा करार) घालून कोडमधले चक्र तोडता येईल, पण तिन्ही मॉड्यूल व्यवहारांच्या एकाच टेबलमध्ये थेट लिहितात, आणि त्यातल्या ‘स्थिती’ या रकान्यातला ३ हा आकडा बिल मॉड्यूलला ‘रद्द’ असा, तर साठा मॉड्यूलला ‘माल परत आला’ असा वाटतो. कोडमध्ये भिंत उभी केली तरी टेबलातली ही वाट उघडीच राहते.

म्हणून या टेबलात लिहिण्याचे काम आधी एकाच मॉड्यूलकडे सोपवावे आणि इंटरफेस नंतर घालावेत, असा माझा कल आहे. रात्री चालणारे अहवाल हे टेबल थेट वाचतात, पण त्यांच्यासाठी व्ह्यू, म्हणजे तोच डेटा जुन्या रूपात दाखवणारे आभासी टेबल, करून देता येईल. हा क्रम योग्य आहे का? शिवाय ‘स्थिती’चे दोन रकाने करताना काही काळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रकान्यांत लिहावे लागेल. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे, त्यांनी जुना रकाना आता कोणीही वाचत नाही याची खात्री कशी करून घेतली, हे कृपया सविस्तर सांगावे.