रविवारची फेल्स सायकलफेरी : ई-बाइक चालेल का?

प्रेषक : क्रीडा समिती
सा. न. वि. वि.
रविवारी सकाळी ८ वाजता बॉस्टनच्या उत्तरेकडील मिडलसेक्स फेल्स या राखीव वनातल्या शीपफोल्डच्या वाहनतळावर जमायचे आहे. नोंदणी केलेल्यांपैकी दोघांनी ई-बाइक आणणार असल्याचे कळवले आहे. फेरी नेहमीप्रमाणे नारिंगी खुणांच्या रिझर्व्हायर ट्रेल या जंगलातल्या कच्च्या वाटेवरून असल्यामुळे त्यांना होकार द्यावा की नाही, यावर समितीत एकमत झालेले नाही. गुरुवारी रात्रीपर्यंत मते कळवावीत.

प्रेषक : विंचेस्टरचे सभासद
यात मते मागवण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या २०२२ च्या कायद्याने पॅडल मारल्यावरच जोर देणाऱ्या आणि ताशी २० मैलांना तो जोर थांबवणाऱ्या ई-बाइकला रस्त्यावर साध्या सायकलीच्या पंक्तीत बसवले, हे खरे आहे. परंतु मातीच्या, कच्च्या वाटेवर ती न्यायची असेल, तर जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी तशी मुभा दिलेली असावी लागते, आणि फेल्सच्या सिंगल ट्रॅकवर, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटांवर, तशी मुभा दिल्याचे एकाही नकाशावर किंवा फलकावर मला दिसलेले नाही. शिवाय आदल्या रात्री कोजागिरी असताना सकाळी ८ ची वेळ कोणी ठरवली, हेही समजले तर बरे होईल.

प्रेषक : स्टोनहॅमचे काका
त्या दोघांतला एक मी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चढावर पॅडल मारणे मला जमत नाही, एवढ्याचसाठी ही सायकल घेतली. तिची मोटार आपणहून फिरत नाही, आणि माझ्या वेगामुळे आजवर कोणाला बाजूला उडी मारावी लागलेली नाही. मागच्या फेरीत निम्मी मंडळी पहिल्याच खडकाळ चढावर उतरून सायकली ढकलत होती आणि मी वर उभा राहून त्यांची वाट पाहत होतो, हे येथे कोणाला आठवत नसेल तर नवल आहे. नियमाचाच अडसर असेल, तर बॅटरी घरी काढून ठेवून येतो. मग ती सायकलच झाली ना?

प्रेषक : मेडफर्डच्या ताई
काका, ती मंडळी ढकलत होती ती दम कमी पडल्यामुळे नव्हे. चाकांत रस्त्यावरच्या सायकलीइतकी हवा ठासून भरली होती, म्हणून टायर प्रत्येक मुळीवरून उसळत होता. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) रुंद टायरला माझ्या वजनाला २२ पीएसआय (दर चौरस इंचाला २२ पौंड) दाबाची हवा पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवावी, नाही तर खडकाच्या धारेवर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि तिला दोन भोके शेजारी-शेजारी पडतात. या दिवसांत ओकची पाने मुळ्यांवर पसरलेली असतात आणि ओल्या मुळीवर चाक तिरके गेले की घसरलेच, म्हणून तेथे ब्रेक न दाबता सायकल सरळ जाऊ द्यावी. बॅटरी काढल्यावर तुमच्या सायकलीचे वजन काय राहते, तेही एकदा उचलून पाहा.

प्रेषक : मेलरोजचे सभासद
ताईंचे हवेबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे. वाटांच्या दुरुस्तीला जाणारे आपल्यातले तीन-चार जणच असल्यामुळे हे मलाच लिहावे लागते. फेल्समधलाच पांढऱ्या खुणांचा स्कायलाइन ट्रेल आजही फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे, आणि रिझर्व्हायर ट्रेल सायकलींना खुला झाला तोही २०१२ च्या व्यवस्थापन आराखड्यात, पायी जाणारे आणि सायकलवाले यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाल्यानंतर. न्यू इंग्लंड माउंटन बाइक असोसिएशन १९८७ पासून अशा वाटांसाठी झटते आहे. मिलफर्डजवळच्या ‘व्हिएतनाम’ नावाच्या जंगलातली ४७ एकर जमीन तर तिने २००३ मध्ये विकतच घेतली. इतक्या खटपटीने मिळालेल्या वाटेवर आपला एवढा मोठा गट मंडळाचे टी-शर्ट घालून मोटारीच्या सायकली घेऊन गेला, तर तक्रार काकांच्या नावावर नव्हे, सगळ्याच सायकलवाल्यांच्या नावावर जाईल. जाता जाता सांगतो, चिखल दिसला की कडेने वळसा घालू नये, मधूनच जावे. कडेने गेल्याने वाट दर वर्षी रुंद होत जाते.

प्रेषक : क्रीडा समिती
या फेरीत ई-बाइक आणू नये, असे ठरले आहे. बॅटरी काढलेलीही नको, कारण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला रिकामा कप्पा उघडून दाखवणे शक्य नाही. वेळ मात्र ८ हीच राहील. शीपफोल्डला कुत्रे मोकळे सोडायला येणाऱ्यांची रविवारी गर्दी होते आणि उशीर झाला की गाडी लावायला जागा मिळत नाही. हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे. राज्याचा नियम १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी आपला सर्वांसाठी आहे. परतल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि कमरपट्ट्याखाली गोचीड नाही ना, हे तपासावे. पाने गळू लागल्यावरही ती चावते.

प्रेषक : मेडफर्डच्या ताई
काका, आमच्याकडे एक जुनी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल, पडून आहे. तिचे पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे सर्वांत मोठे ५१ दात्यांचे आहे, त्यामुळे चढावर गुडघ्यावर ताण कमी येईल. चढ नाहीच जमला, तर तेवढ्यापुरते उतरून चालू, मी तुमच्याबरोबर मागे राहीन. आपली उंची कळवावी, म्हणजे शनिवारी कोजागिरीला येतानाच सीट बसवून आणते.